शेवटच्या दोन जागा

प्रति,
ऑनलाइन एमबीएचे ॲडमिशन काउन्सेलर साहेब,
स. न. वि. वि.

आपलं नाव अजून कळलेलं नाही, कारण दर वेळी फोन नव्या नंबरवरून आणि नव्या आवाजात येतो. वाक्य मात्र ठरलेलं: "मॅडम, दोनच जागा उरल्यात." वर्ग इंटरनेटवर, बाक नाही की फळा नाही, तरी जागा दोनच! चेन्नईत भाड्याच्या दोन खोल्यांत संसार करणाऱ्या बाईला जागेची टंचाई लगेच पटते. मी घाबरून हप्ते बांधून घेतले. ओरिएंटेशनला पाहते तर स्क्रीनवर मावेनात इतकी मंडळी. त्या दोन जागांवर आम्ही सगळे दाटीवाटीने बसलो होतो.

टंचाई होती ती वेळेची, आणि त्याबद्दल आपण अवाक्षर काढलं नाहीत. 'कधीही, कुठेही शिका' म्हणालात. 'कुठेही' म्हणजे ओएमआर रस्त्यावर कंपनीच्या बसमध्ये, मेट्रोच्या कामामुळे शोळिंगनल्लूरच्या अलीकडे गाडी हटत नाही तेव्हा. 'कधीही' म्हणजे रात्रीचा अमेरिकेचा कॉल आटोपून डब्याची भाजी चिरून ठेवल्यावर. फायनान्सच्या सरांना मी कायम दुप्पट वेगानेच ऐकलं. एकदा ते लाइव्ह आले, तर वाटलं, सरांची तब्येत बरी नाही की काय!

सप्टेंबर 2022 मध्ये यूजीसीने स्पष्ट केलं की, मान्यताप्राप्त संस्थेची ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची. आपण हे प्रत्येक फोनवर ऐकवत होतात, म्हणून मी ते मॅनेजरना ऐकवलं. ते खूश झाले. "अभ्यासाला वेळ मिळतोय म्हणजे हाताशी काम कमी दिसतंय," म्हणाले, आणि आणखी एक प्रोजेक्ट माझ्या गळ्यात घातला. ऑपरेशन्सच्या पेपरात याला 'क्षमतेचा पूर्ण वापर' म्हणतात.

या गावात आपण जरा उशिरा आलात, एवढीच खंत. कुंभकोणमच्या मराठी घराण्यात 1828 साली जन्मलेले टी. माधवराव इथेच, मद्रासला शिकले. पुढे त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केली. त्रावणकोरचं कर्जसुद्धा फेडलं. आपण असतात तर त्यांनाही फोन गेला असता: "सर, अनुभव चांगलाय, पण एमबीएशिवाय ग्रोथ अडते." कर्ज फेडणाऱ्या माणसाला हप्त्यावर फी भरायला लावणं, हे मात्र आपल्यालाही जड गेलं असतं.

परीक्षेबद्दल तर आभार मानावे तेवढे थोडे. लॅपटॉप उचलून खोलीच्या चारी भिंती दाखवा, टेबलाखालचं दाखवा, मग बसा. मी बसले. सॉफ्टवेअरने लाल अक्षरांत बजावलं: खोलीत दुसरी व्यक्ती आहे. शोधलं तर भिंतीवर घरमालकीण मामींनी दिलेलं रोज पान फाडायचं कॅलेंडर, त्यावर मुरुगन. आपल्याकडे बायकांनी ज्या कार्तिकेयाचं दर्शन एरवी घेऊ नये म्हणतात, तो इथे माझ्या पेपरात कॉपी पुरवताना पकडला गेला. त्याचं तोंड भिंतीकडे करतेय तोच गल्लीतून पालेभाजीवालीने "कीऽऽरै" अशी आरोळी ठोकली. अनोळखी आवाज, दुसरी ताकीद. त्यात मामी दारात आल्या. उलटा मुरुगन पाहून त्या जे बोलल्या, त्याची नोंद सॉफ्टवेअरने तिसरी ताकीद म्हणून केली. तमिळ कळत नसूनही आशय त्याला बरोबर कळला.

काल आपला मेसेज आला: ओळखीतल्या कोणाचं नाव सुचवा, व्हाउचर मिळवा. सोबत आमच्या मॅनेजरांचा नंबर देत आहे. त्यांची क्षमता अजून पूर्ण वापरात आलेली नाही. रविवारी पहाटे फोन करावा, तेव्हा ते घरीच असतात. उचलला नाही, तर लावत राहावं.

कळावे, लोभ असावा.

आपली,
शेवटून दुसऱ्या जागेवरची विद्यार्थिनी