दोन रेघांच्या मधे

मोटारीच्या इंजिनात तेल किती आहे हे सांगणारी पट्टी म्हणजे अख्ख्या गाडीतला सगळ्यांत गरीब जीव. तिला वायर नाही, दिवा नाही, बटण नाही. एका नळीत ती जन्मभर उभी, डोकं तेवढं बाहेर आणि पायाशी दोन रेघा. वरच्या रेघेपर्यंत तेल असलं की पुरे, खालच्या रेघेच्या खाली गेलं की घाला. आपण ती उपसतो, पुसतो, पुन्हा बुडवतो आणि डोळे बारीक करून बघतो. या रेघा कुणी ओढल्या, असं मात्र कुणी विचारत नाही. त्या कुणी तरी ओढाव्या लागतात हे मला उतारवयात कळलं, आणि तेही उमेळ्यात, बहिणीच्या वाडीतल्या पत्र्याच्या शेडमध्ये.

त्या शेडमध्ये गेले काही पावसाळे माझा भाचा एक गाडी जुळवतो आहे. जीपसारखी, पण जीप नव्हे. सांगाडा वालीवच्या एका वर्कशॉपमधून वेल्डिंग होऊन आला, चाकं एकीकडची, स्टिअरिंग दुसरीकडचं, आणि इंजिन एका म्हाताऱ्या ओम्नीचं. ही गाडी रस्त्यावर न्यायची सोय नाही. मूळ घडणीत बदल केलेल्या गाडीची नोंदणी चालणार नाही असं सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट सांगितलं. इथे तर मूळ घडण म्हणावी असं काही नाहीच. त्यामुळे ही गाडी वाडीच्या फाटकापासून बावखलापर्यंत, म्हणजे वाडीतल्या तळ्यापर्यंत, जाणार आणि परत येणार. माझी बहीण एवढं अंतर हातात कळशी घेऊन आयुष्यभर चालली. पण भाच्याला हे सांगून उपयोग नाही, आणि खरं सांगायचं तर सांगावंसंही वाटत नाही.

अडचण इंजिनाच्या उभं राहण्यात आली. ओम्नीमध्ये इंजिन पुढच्या सीटखाली असतं, एका अंगावर कललेलं. २०१९ मध्ये ओम्नीचं उत्पादन थांबेपर्यंत ते तसंच लवंडून धावत राहिलं. भाच्यानं त्याला नव्या सांगाड्यात सरळ उभं केलं. खालचं चेंबर, म्हणजे तेल साठतं ते भांडं, सांगाड्याच्या आडव्या पट्टीला घासत होतं, म्हणून तेही कापून, नवा पत्रा लावून उथळ आणि रुंद करून घेतलं. या धांदलीत जुनी पट्टी कुठे तरी गहाळ झाली. सापडली असती तरी तिचा उपयोग नव्हता. कललेल्या इंजिनाच्या, खोल चेंबरच्या रेघा तिच्यावर होत्या. सरळ उभ्या इंजिनाला तिनं मनापासून, प्रामाणिकपणे चुकीचं सांगितलं असतं.

म्हणून आम्ही कुर्ल्याला गेलो. नायगावहून दादर, दादरहून कुर्ला. तिथल्या भंगार बाजारात गाड्या मरून अवयवांनी राहतात. एका गाळ्यात तारेच्या कड्यात तेलाच्या पट्ट्यांचा जुडगाच अडकवलेला होता. दुकानदारानं विचारलं, "कोणत्या गाडीची पाहिजे?" भाचा म्हणाला, "गाडी अजून झालेली नाही." दुकानदारानं आधी माझ्याकडे पाहिलं. वडीलधारं माणूस बरोबर आहे याची खात्री करून त्यानं जुडगा सोडला. नळीत सरकेल, वाकेल आणि तुटणार नाही अशी एक पट्टी भाच्यानं निवडली. ती प्रीमियर पद्मिनीची होती, बहुधा एखाद्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीची. मुंबईत टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली, आणि वीस वर्षांची मर्यादा संपताच ३० ऑक्टोबर २०२३ पासून तीही रस्त्यावरून गेली. गाडी गेली, मीटर गेला, मागच्या सीटवर बसून भांडणारी माणसंही पांगली. ‘पुरे’ आणि ‘घाला’ एवढंच म्हणणारी ही पट्टी तेवढी मागे राहिली होती. तिच्या जुन्या रेघा भाच्यानं परतीच्या लोकलमध्येच खिशातल्या पॉलिश पेपरनं घासून टाकल्या. समोरच्या बाकावरच्या बाईंनी पाय जवळ घेतले.

रेघ ओढायची तर तेल किती हवं ते ठाऊक पाहिजे, आणि तेल किती हवं ते रेघ सांगणार! या कोड्याशी भाचा बरेच दिवस बसला होता. कंपनीच्या पुस्तकातले लिटर कंपनीच्या चेंबरचे, या उथळ चेंबरशी त्यांचं नातं नाही. शेवटी मेस्त्री आले. मेस्त्री म्हणजे गावातल्या निम्म्या मोटारसायकली आणि पाव रिक्षा ज्यांच्या हातून गेल्या ते. त्यांनी चेंबर खाली उतरवलं आणि आधी क्रँक फिरवून दाखवला. "तेल इथवर आलं की क्रँक त्याला घुसळणार. फेस होणार. पंप फेस ओढणार आणि बेरिंग कोरडं मरणार." मग खालची जाळी दाखवली, जिच्यातून पंप तेल ओढतो. "आणि तेल इतकं खाली गेलं की चढावर जाळी उघडी पडणार. पंप हवा पिणार. बेरिंग पुन्हा मरणार." म्हणजे जास्त तेलानंही कोरड आणि कमी तेलानंही कोरड. डॉक्टरांनी मला मिठाबद्दल जे सांगितलं आहे ते साधारण याच चालीवर होतं.

मिठावरून आठवलं. मेस्त्री आगरी, त्यांचे वडील नायगावच्या बाजूच्या मिठागरांत कामाला होते. आगरातलं पाणी किती तयार झालं हे बघायला काचेची तरंगती नळी असते. पाणी जसं आटतं तशी ती वर उचलली जाते, आणि पंचवीस अंशांच्या आसपास मीठ धरू लागतं. मेस्त्री सांगत होते, वडील ती नळी सोडायचे खरे, पण मुकादमाच्या समाधानासाठी. त्यांना पाण्याच्या रंगावरून आधीच कळलेलं असायचं. "मग नळी कशाला?" भाच्यानं विचारलं. "दुसऱ्याला पटवायला," मेस्त्री म्हणाले.

आमच्या अण्णांचा, म्हणजे वडिलांचा, मात्र पट्टीवर विश्वास होता. वाडीतला रहाट थांबून बावखलाच्या काठावर किर्लोस्करचं डिझेल इंजिन आलं, तेव्हापासून हँडल मारण्याआधी पट्टी काढणं हा त्यांचा सकाळचा पहिला विधी. पट्टी काढायची, पंच्याच्या टोकाला पुसायची, पुन्हा घालायची, पुन्हा काढायची. पहिल्यांदा निघालेली पट्टी खरं बोलत नाही असं ते म्हणत. त्यात तथ्य आहे, कारण नळीच्या भिंतीला लागलेलं तेल पट्टीला माखतं आणि पातळी वर दिसते. पुढे विजेचा पंप आला आणि इंजिन शेवाळ धरून बसलं. तरी अण्णा रोज सकाळी जाऊन त्याची पट्टी बघत. न चालणाऱ्या इंजिनातलं तेल कमी होत नाही हे त्यांना आमच्यापेक्षा चांगलं माहीत होतं. आई त्यावर काही बोलायची नाही, फक्त पंचे वेगळे धुवायची.

तयार गाडीचं सुख हेच, की रेघा दुसऱ्या कुणी ओढलेल्या असतात. मुंबईत गाड्या जुळवणं काही नवं नाही. शिवडीला जनरल मोटर्सनं १९२८ मध्ये कारखाना घातला, माझगावला महिंद्रांनी १९४९ मध्ये विलीज जीप जुळवल्या, आणि दोन्हीकडे सुटे भाग पेट्यांतून, साता समुद्रापलीकडून आले. त्या भागांबरोबर कुणाचा तरी हिशेबही आयता आला असणार. पण इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णींनी ‘मीरा’ नावाची छोटी मोटार घडवली तेव्हा त्यांनी कुठलं पुस्तक उघडलं असेल? १९४० च्या दशकात घेतलेला ध्यास त्यांनी १९७० च्या दशकापर्यंत सोडला नाही. नमुन्यामागून नमुने केले, इंजिन मागे बसवलं, आणि मीरा बाजारात कधीच आली नाही. लोक सरकारी परवान्यांबद्दल हळहळतात, तेही योग्यच आहे. मला आपलं वाटत राहतं, की एका संध्याकाळी त्या माणसानं इंजिन थांबवून, तेल खाली उतरायची वाट बघून, एका कोऱ्या पट्टीवर पहिली रेघ ओढली असेल. सांगलीतल्या देवराष्ट्र्याच्या दत्तात्रय लोहारांनी भंगारातून, किक मारून सुरू होणारी चिमुकली जीप केली, तीही मुलाच्या हट्टापायी. २०२२ च्या जानेवारीत तिच्या बदल्यात महिंद्रांनी त्यांना बोलेरो दिली. बोलेरोत सगळ्या रेघा आधीच ओढलेल्या होत्या. लोहारांना त्यानं किती करमलं असेल, कोण जाणे.

आमच्याकडे रेघेच्या दिवशी गवंडी आला. गाडी सपाटीवर हवी, आणि वाडीत सपाट काही नाही; सगळी जमीन बावखलाकडे झुकलेली. गवंड्यानं पाणी भरलेली लेव्हलची नळी चारी चाकांना फिरवली आणि दोन चाकांखाली विटा सारल्या. आयुष्यात पहिल्यांदाच भिंत सोडून दुसरं काही पाणसळीत आणतोय, असं तो म्हणाला आणि चहाबरोबर मस्का पाव मागून घेतला. जाळी बुडून वर चांगलं तेल राहील एवढं मेस्त्रींनी मापून ओतलं. इंजिन सुरू केलं, म्हणजे फिल्टर आणि वरच्या वाटा भरल्या. मग बंद करून सगळे गप्प बसलो, तेल परत खाली ठिबकायला वेळ लागतो म्हणून. भाच्यानं पट्टी पुसून बुडवली, काढली आणि त्रिकोणी कानशीनं तेलाच्या कडेवर खालची रेघ पाडली. त्यावर आणखी लिटरभर तेल, तोच सगळा खटाटोप, आणि वरची रेघ. क्रँकपासून ती दोन बोटं खाली राहते ना, हे मेस्त्रींनी चेंबर उतरवलं तेव्हाच्या मापाशी ताडून घेतलं.

भाचा पट्टी उन्हात धरून बघत होता. मेस्त्रींनी ती त्याच्या हातून घेतली, कानस घेतली आणि दोन रेघांच्या मधे, जरा खालच्या अंगाला, तिसरी बारीक रेघ ओढली.

"ही कसली?"

"इथं तेल आलं की मला फोन करायचा. घालायचं नाही, नुसता फोन. मी येतो."

फोन नंबरही ते कोरणार होते, पण पट्टी तेवढी रुंद नव्हती.