तिकीट काढूनच बसणाऱ्यांस

प्रति,
मुंबईच्या लोकलने तिकीट काढूनच प्रवास करण्याचा हट्ट धरणारे समस्त प्रवासी

विषय : सदर हट्टामुळे व्यवस्थेस होणारा त्रास

लोकलच्या स्थानकात शिरायला फाटक लागत नाही. मेट्रोत तिकीट दाखवल्याशिवाय झडप उघडत नाही. लोकलचा फलाट मात्र पुलावरून, भुयारातून, बाजाराच्या गल्लीतून, कुठूनही गाठता येतो. ज्याच्याकडे तिकीट नाही त्याला वाटेत कोठेही थांबावे लागत नाही. थांबावे लागते ते ज्याला तिकीट हवे आहे त्याला.

पासवाल्यांना या पत्रातून वगळले आहे. दुसऱ्या वर्गाचा 10 किलोमीटरपर्यंतचा महिन्याचा पास 100 रुपयांना पडतो आणि एकेरी तिकीट 5 रुपयांना. दहा दिवस जाऊन-येऊन पास वसूल. जून 2014 मध्ये पासाचा हिशोब 15 ऐवजी 30 एकेरी फेऱ्यांवर न्यायचे ठरले, तेव्हा शहरात असा काही गदारोळ उठला की आठवडा उलटायच्या आत निर्णय मागे घ्यावा लागला. पासवाला महिन्यातून एकदा खिडकीवर येतो आणि पुढे महिनाभर कोणाच्या अध्यातमध्यात नसतो. प्रश्न आहे तो अधूनमधून प्रवास करणाऱ्याचा. मावशीला भेटायला डोंबिवलीला निघालेला हा इसम पाच मिनिटे आधी घरून निघतो आणि रांगेत वीस मिनिटे उभा राहतो. चार खिडक्यांपैकी दोनच उघड्या असतात. नंबर लागला की आतून ‘सुट्टे द्या’ असे ऐकू येते, आणि मागच्यांची गाडी त्याच्यामुळे चुकते.

अशांच्या सोयीसाठी व्यवस्थेने आजवर काय काय केले, याची नोंद घेणे भाग आहे. आधी कूपनची पुस्तिका आली. भाड्याइतकी कूपने मोजायची, एकेक करून यंत्राच्या खाचेत घालायची आणि त्यावर तारीख, वेळ व स्थानकाचा शिक्का उमटवून घ्यायचा. यंत्रातली शाई आटलेली असली तर शिक्का असा पुसट येई की काढलेल्या तिकिटाचा पुरावा प्रवाशाला तोंडीच द्यावा लागे. 2015 मध्ये ही कूपने बंद झाली.

दरम्यान स्मार्ट कार्डावर चालणारी, पडद्यावर बोट ठेवून तिकीट देणारी यंत्रे आली होती. प्रवाशाने आपले तिकीट आपणच काढावे, ही त्यामागची कल्पना. प्रत्यक्षात बहुतेकांकडे कार्ड नव्हते, म्हणून यंत्रापाशी रेल्वेचे निवृत्त कर्मचारी कमिशनवर नेमण्यात आले. ते स्वतःचे कार्ड ठेवून तिकीट काढून देतात आणि रोख पैसे घेतात. अशा रीतीने खिडकी न लागणाऱ्या यंत्रासमोर पुन्हा एक माणूस आणि त्याच्यापुढे पुन्हा एक रांग उभी राहिली. (शेजारच्या यंत्रावर ‘बंद आहे’ असा कागद चिकटवलेला असेल, तर तो गैरसमज टाळण्यासाठी असतो.)

मग मोबाइल आला. रेल्वेच्या अॅपवरचे कागदविरहित तिकीट स्थानकाच्या आवारात उभे राहून काढता येत नाही. धावत्या गाडीत टीसी दिसताच कोणी तिकीट काढू नये, म्हणून जीपीएसची ही लक्ष्मणरेषा. पूर्वी फार लांबूनही चालत नसे. ती बाहेरची मर्यादा 2024 मध्ये उठली, आतली कायम राहिली. त्यामुळे सरळमार्गी प्रवासी जिना चढून वर जातो, तिकीट काढायची आठवण झाली की उतरून पुन्हा रस्त्यावर येतो आणि रिक्षांच्या गर्दीत सिग्नल शोधत उभा राहतो. यावर उतारा म्हणून स्थानकांत क्यूआर कोड लावले. ते स्कॅन केले की आवारातही तिकीट निघे. हुशार मंडळींनी त्या कोडचे फोटो काढून जवळ ठेवले आणि डब्यात टीसी चढला की तिथेच स्कॅन करू लागली. अखेर भिंतीवरच्या छापील कोडची सोयच गुंडाळावी लागली. ज्यांनी फोटो काढले नव्हते तेही परत रस्त्यावर आले.

महासाथीच्या काळात हट्टाची सर्वात कडक परीक्षा झाली. ऑगस्ट 2021 मध्ये लशीचे दोन्ही डोस घेतलेल्यांना लोकल खुली झाली, पण मिळे तो फक्त पास. एका दिवसाच्या कामासाठी महिन्याचे पैसे भरा, असा तो घाऊक प्रामाणिकपणा ऑक्टोबरअखेरपर्यंत चालला.

तिकीट हाती आले म्हणजे सुटलो, असेही या प्रवाशांनी समजू नये. गर्दीच्या वेळी फलाटावर जो दरवाजा समोर येईल त्यात माणूस ढकलला जातो. तो पहिल्या वर्गाचा निघाला तर दुसऱ्या वर्गाचे तिकीट तिथे पुरत नाही. जाळीच्या अलीकडे आणि पलीकडे गर्दी सारखीच असते. भाडे मात्र पहिल्या टप्प्यात 2022 पर्यंत दहापट होते, ते निम्म्यावर आणल्यामुळे आता पाचपट आहे.

विनातिकीट सापडणाऱ्याला प्रवासभाड्याशिवाय किमान 250 रुपये भरावे लागतात, आणि हा आकडा 2004 पासूनचा आहे. 5 रुपयांच्या प्रवासात पन्नास फेऱ्यांत एकदाच सापडणाऱ्याचा हिशोब जवळजवळ जुळतो. त्याहून क्वचित सापडणारा फायद्यात राहतो. तिकीट काढणाऱ्याने हे गणित कधी मांडलेले नसते, हाच त्याचा मुख्य दोष.

राहता राहिली मुदत. तिकीट निघाल्यापासून तासाभरात प्रवास सुरू करायचा असतो. मेगाब्लॉकमुळे किंवा पावसामुळे गाडी तासभर आलीच नाही, तर खिशातले तिकीट शिळे होते. मोबाइलवरचे कागदविरहित तिकीट रद्दही करता येत नाही. अशा वेळी सदर प्रवाशांनी पुन्हा बाहेर रस्त्यावर जाऊन नवे तिकीट काढावे.

कळावे.

प्रत माहितीस्तव : खिडकी क्रमांक 3 (उघडल्यावर)
सोबत : सुट्टे नाहीत