चौदाव्या क्रमांकाची साधना

इंग्लंडच्या लीग टूमध्ये, म्हणजे फुटबॉल लीगच्या सर्वांत खालच्या पायरीवर, सेंटर बॅक म्हणून संसार थाटू पाहणाऱ्याने चेंडूच्या आधी गुणतक्ता नीट बघावा. 24 संघ, प्रत्येकाचे 46 सामने. पहिले तीन थेट लीग वनमध्ये जातात, चौथ्या ते सातव्यांतला एक प्ले-ऑफ जिंकून त्यांच्या मागोमाग जातो, तळाचे दोन लीगबाहेर पडतात. उरलेले 18 जिथल्या तिथे. मॅनेजर सांगेल, यंदा वर जायचंच. मान डोलवावी आणि मनातल्या मनात चौदाव्या क्रमांकाची साधना सुरू करावी.

खाली घसरणं वाईट, हे सांगायला नको. उत्पन्न आटलं की पहिली कात्री पगाराला लागते. वर चढणं त्याहून घातक, हे मात्र लवकर पटत नाही. विजयाची मिरवणूक संपली की मॅनेजरला पहिला प्रश्न पडतो, या बचावफळीवर वरच्या लीगमध्ये निभाव लागेल का? मग मे महिन्यात क्लबची यादी लागते: कोणाला ठेवलं, कोणाशी बोलणी चालू आहेत आणि कोणाचे मनःपूर्वक आभार. आभार मानले गेलेल्याचा करार 30 जूनला संपतो. नॉर्दम्प्टन टाउन 1961 ते 1965 या काळात चौथ्या श्रेणीतून थेट पहिल्या श्रेणीत पोचला आणि 1969 मध्ये पुन्हा चौथीत हजर झाला. जागेवर बसून राहिला असता तर एवढी दगदग वाचली असती. बेरीचं उदाहरण याहून बोलकं. 2019 मध्ये लीग टूत दुसरा येऊन संघाने लीग वन गाठली आणि ऑगस्टअखेर, तिथला एकही सामना न खेळता, त्याची लीगमधून हकालपट्टी झाली. कोणी म्हणेल, बेरी बढतीने नव्हे, पैशाच्या घोळाने बुडाला. मान्य, पण बढतीने वाचवलाही नाही.

आता प्रत्यक्ष तंत्र. पायात चेंडू आला की तो प्रेक्षकांत भिरकावावा, कारण प्रेक्षकांतून गोल होत नाही. चेंडू घेऊन डौलात पुढे निघणारा बचावपटू एकतर मोठ्या क्लबच्या नजरेत भरतो किंवा समोरच्या स्ट्रायकरच्या तावडीत सापडतो, आणि दुसरी शक्यता फार मोठी. पिवळ्या कार्डांचा हिशेब वहीत ठेवावा: पहिल्या 19 सामन्यांत पाच झाली की एक सामना बाहेर. म्हणून चार घ्यावीत. एकही न घेणाऱ्याबद्दल ‘अंगचोर’ अशी कुजबुज होते. बाकावर बसावं लागलं तर विशीतला पोरगा आपल्या जागी खेळून जातो, आणि तो पगारालाही स्वस्त असतो.

डोक्याच्या बाबतीत मात्र ही साधना अपुरी पडते. ग्लासगोच्या संशोधकांनी स्कॉटलंडच्या माजी व्यावसायिक खेळाडूंच्या नोंदी तपासल्या. मेंदूच्या ऱ्हासाच्या विकारांचं प्रमाण बचावपटूंमध्ये सर्वांत जास्त, सर्वसामान्यांच्या सुमारे पाचपट, असं 2021 मध्ये त्यांनी मांडलं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये सरावात आठवड्याला जास्तीत जास्त दहा जोरदार हेडर, अशी मर्यादा सुचवली गेली. सामन्यात मर्यादा नाही, आणि लीग टूमध्ये चेंडू बराच वेळ हवेतच असतो.

एवढं वाचून महत्त्वाकांक्षी वाचक डॅन बर्नचं नाव काढणारच. अकराव्या वर्षी न्यूकॅसलने सोडलेला हा मुलगा डार्लिंग्टन, येओव्हिल करत परत न्यूकॅसलला आला, मार्च 2025 मध्ये वेम्ब्लीवर लिव्हरपूलविरुद्ध लीग कपच्या अंतिम सामन्यात हेडरने गोल केला आणि त्याच महिन्यात, वयाच्या 32व्या वर्षी, इंग्लंडकडून खेळला. खरं आहे. पण त्याची उंची सहा फूट सात इंच, आणि ती मार्गदर्शनाने वाढत नाही. ग्रॅहम अलेक्झांडरचा दाखला जास्त कामाचा. स्कंथॉर्पमधून 1991 मध्ये सुरुवात करून हा राइट बॅक 37व्या वर्षी बर्नलीकडून प्रीमियर लीगमध्ये उतरला आणि हजाराहून अधिक सामने खेळला. गोलही शंभरावर, बहुतेक पेनल्टीवर. पेनल्टी हमखास मारणाऱ्याला आभाराच्या रकान्यात ढकलताना मॅनेजरचा हात अडखळतो. तेव्हा सराव संपला की रोज वीस पेनल्टी माराव्यात. मात्र मॅनेजर खिडकीशी उभा आहे ना, हे आधी बघून घ्यावं.