हरताना कसा दिसतो ते बघा

"अण्णा, तुमचा तो सायकलवाला पोगाचार परत जिंकला म्हणे? धाकटा सांगत होता. दर वेळी तोच जिंकायचा, तर बघता काय हो तुम्ही तासन्‌तास?"

"वहिनी, पन्नास वर्षांपूर्वी फ्रान्सातले लोक हेच म्हणायचे, बेल्जियमच्या एडी मर्क्सबद्दल. टूर द फ्रान्स पाच वेळा, इटलीची जिरो पाच वेळा, मिलान–सान रेमो सात वेळा. दुसऱ्याच्या ताटात काही म्हणून शिल्लक ठेवायचा नाही. बरोबरच्या एका फ्रेंच सायकलपटूच्या लेकीनं त्याला नरभक्षक म्हटलं, ते नाव आजतागायत चिकटलंय."

"मग मोठा कोण? तो का हा?"

"आकड्यांनी म्हणाल तर मर्क्सच. पोगाचारच्या २०२५ पर्यंत चार टूर झाल्या. आता २०२४ ला त्यानं जिरो, टूर आणि जागतिक अजिंक्यपद, एकाच वर्षात तिन्ही मारली, ही गोष्ट खरी. पुरुषांत त्याच्याआधी ते दोघांनाच जमलं होतं, १९७४ ला मर्क्सला आणि १९८७ ला आयर्लंडच्या स्टीफन रोशला. पण मी आकड्यांवर जात नाही. हरल्यावर कसा वागतो, ते बघतो."

"म्हणजे लग्नात मानपान चुकला की माणूस कळतो, तसं."

"बरोब्बर! आता १९७५ घ्या. मर्क्स सहावी टूर जिंकायला निघालेला. पुई द दोमचा चढ चालू होता, तेवढ्यात गर्दीतल्या एकानं त्याच्या पोटात गुद्दा हाणला."

"अगंबाई! आणि का?"

"चुकून लागला म्हणे! पुढे आल्प्सच्या डोंगरात प्रतिस्पर्धी बेर्नार तेवनेनं त्याच्या अंगावरची आघाडीवाल्याची पिवळी जर्सी काढून घेतली. त्यात हा पडला, गालाचं हाड मोडलं, घास चावता येईना. डॉक्टर म्हणाले, घरी जा. गेला नाही. पातळ काहीबाही पिऊन पॅरिस गाठलं आणि दुसरा आला. मधेच सोडून गेला असता, तर आयती जिंकलास म्हणून तेवनेला लोकांनी जन्मभर ऐकवलं असतं."

"एवढा सोवळा होता का हो तुमचा मर्क्स? ते उत्तेजकांचं काय?"

"...१९६९ च्या जिरोत सावोनाला तपासणीत अडकला आणि बाहेर काढला, हे खरंय. त्यानं ते कधी कबूल केलं नाही. आणि १९७३ ला लोंबार्डियाची शर्यत जिंकलेली, तीही तपासणीतच गेली."

"आणि तो अमेरिकन आर्मस्ट्राँग मात्र चोर?"

"त्याच्या सातही टूर २०१२ मध्ये काढून घेतल्या, वहिनी. त्या सात वर्षांपुढे आता विजेता म्हणून कोणाचंच नाव नाही. हरायचं नाहीच असं ठरवून बसलेला तो."

"असू दे, असू दे. आपल्या माणसाला माप सैलच असतं. मग बेर्नार इनो कुठे बसतो तुमच्या मापात?"

"त्याचं अवघड आहे. अंगात रग म्हणाल तर इनोसारखी कोणात नाही. १९८० ची लिएज–बास्तोन्य–लिएज शर्यत बर्फात झाली. निम्म्याहून जास्त गडी वाटेत गळाले. हा नऊ मिनिटांहून जास्त फरकानं जिंकला, आणि थंडीनं बोटं कायमची अधू करून घेतली. पण १९८५ ला त्याच्याच संघातल्या ग्रेग लेमॉन्डनं स्वतःची संधी सोडून याला पाचवी टूर जिंकू दिली. हा म्हणाला, पुढच्या वर्षी मी तुझ्यासाठी राबतो."

"आणि राबला?"

"कसला! १९८६ ला पिरेनीज लागल्याबरोबर पळाला आणि पाच मिनिटांची आघाडी घेऊन बसला. वर म्हणतो, मी लेमॉन्डच्या शत्रूंना दमवत होतो! लेमॉन्ड शेवटी जिंकला, पण आपल्याच माणसाशी भांडून. आल्प द्युएझला दोघं हातात हात घालून रेषेवर आले, त्या फोटोवर जाऊ नका."

"बाई बाई, भाऊबंदकीच की! आणि हरल्यावर नीट वागला असा कोणी?"

"प्रिमोझ रोग्लिच. स्लोव्हेनियाचा, आधी स्की जंपिंग करायचा. २०२० ची टूर, शेवटून दुसरा दिवस, ५७ सेकंद पुढे. घड्याळाविरुद्ध एकेकट्यानं पळायचं, शेवटी चढ. समोर त्याच्याच देशाचा पोरगा पोगाचार, बावीसही पूर्ण नव्हती. रोग्लिचचं हेल्मेट वाकडं झालेलं, चेहरा पांढराफटक. टूर ५९ सेकंदांनी गेली. उठला, पोगाचारला जाऊन मिठी मारली. आणि दोन आठवड्यांनी लिएजला, ज्युलियन अलाफिलिपनं जिंकल्याच्या आनंदात आधीच हात वर केले, तर यानं शेजारून चाक पुढे सारलं. शर्यत रोग्लिचची!"

"शाब्बास! आणि पोगाचार हरलाय का कधी?"

"२०२३ च्या टूरला, डेन्मार्कच्या विंगेगार्डपुढे. कोल द ला लोझच्या चढावर संघाला रेडिओवरूनच सांगून टाकलं, संपलो मी. सगळ्या जगानं ऐकलं. कारणं नाहीत, काही नाही. पुढच्या वर्षी येऊन त्याच विंगेगार्डवर सहा मिनिटांहून जास्त काढली."

"मग ठरलं की. मोठा पोगाचार."

"थांबा हो. तेव्हा तो चोविशीत होता, अंगात पुढची दहा वर्षं होती. मर्क्स १९७५ ला तीस वर्षांचा होता, पुढे उतारच होता, हे त्याला कळत असणार, तरी पॅरिसला गेला. पोगाचार तीसचा होतोय २०२८ ला. निकाल तेव्हा."

"तुम्ही बसा २०२८ ची वाट बघत. मी रोग्लिचच्या बाजूची. तुमच्या त्या दोघांना हरताना सगळं जग सांभाळून घेत होतं. याचं आपल्याच देशाच्या पोरानं नेलं, आणि मिठीही यालाच मारावी लागली."