आठ दिवसांचा पाहुणा सांभाळण्याची रीत

मंडणगडात कुत्रा विकत घ्यावा लागत नाही. मे महिन्यात तो मुंबईहून आपोआप येतो, चुलतभावाच्या गाडीतून, मागच्या सीटवर बसून. "आठच दिवस ठेव रे, फ्लॅटमध्ये फार अडचण होते," असं म्हणत चुलतभाऊ आंब्याच्या पेट्या आणि दोन फणस गाडीत घालतो आणि कुत्र्यामुळे रिकामी झालेली जागा पुरेपूर भरून निघून जातो. आमचा असाच आला. त्याला आता तिसरा पावसाळा लागेल. ज्यांचे आठ दिवस नुकतेच सुरू झाले आहेत, त्यांच्यासाठी या सूचना.

येताना त्याचं नाव ब्रूनो असतं. चार दिवस तसंच म्हणावं. पाचव्या दिवशी आई परड्यातून "बरुण्याऽऽ" अशी हाक घालते आणि तो धावत येतो. मग विषय संपला. सोबत एक निळा, गुबगुबीत बिछानाही येतो. तो पडवीत ठेवावा. कुत्रा त्यावर झोपत नाही, पण बिछाना वाया जात नाही. आमच्याकडे त्यात कोंबडी खुडूक बसली आणि तिने नऊ पिल्लं काढली.

"जात कुठली?" असं शेजारी विचारणारच, माणसाला विचारायची चोरी झाल्यापासून ती हौस कुत्र्यावर भागवली जाते. आई स्पॅनियल, बाप टेरिअर, एवढंच सांगावं. स्वतः मात्र थोडं अधिक समजून घ्यावं. कॉकर स्पॅनियल इंग्लंडात झुडपातले पक्षी उठवायला पाळत. टेरिअर बिळात घुसायला. त्याचं नावच मुळी लॅटिनमधल्या मातीवरून पडलं आहे. जॅक रसेल नावाच्या एका इंग्रज पाद्र्याने तर 1819 साली दूधवाल्याकडून एक कुत्री घेतली आणि पुढे टेरिअरचा अख्खा वंश स्वतःच्या नावावर केला. त्याची प्रवचनं आज कुणाला आठवत नाहीत. त्याची कुत्री जगभर भोकं पाडत आहेत.

तेव्हा तुमच्याकडे आलेला कुत्रा अर्धा वर बघतो आणि अर्धा खाली. वर कोंबड्या, खाली घुशी. कोंबड्यांचा प्रश्न तुम्ही सोडवू नये. पिल्लंवाली कोंबडी नाकावर एक टोच मारते आणि पक्षी उठवण्याची पिढ्यानपिढ्यांची परंपरा तिथेच थांबते. घुशीचं तसं नाही. घूस एक बीळ करते. ती शोधायला हा सहा करतो. हळदीच्या वाफ्यात, तुळशीमागे, न्हाणीच्या सांडपाण्याशी. आंब्याच्या कलमाला मीटरभर लांब, रुंद आणि खोल खड्डा लागतो, हे याला कुणीतरी सांगायला हवं. याचे सगळे फूटभरावर सोडून दिलेले.

हाच गुण घेऊन वेळासच्या किनाऱ्यावर मात्र जाऊ नये. तिथे ऑलिव्ह रिडले कासवं रात्री येऊन वाळूत शंभराच्या आसपास अंडी घालतात, आणि कुत्री-कोल्ही ती उकरतात म्हणून गावकरी घरटी हलवून कुंपणात ठेवतात. सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेसोबत हे काम 2002 साली सुरू झालं. वीस वर्षांहून जास्त काळाची मेहनत बरुण्या पंधरा मिनिटांत तपासून बघेल. फिरायचीच हौस असेल तर वेसवीच्या फेरीबोटीत बसवून बागमांडल्याला नेऊन आणावा. लोखंडी डेकवर उकरण्यासारखं काही नसतं.

आता कान. या कुत्र्याचा निम्मा संसार कानांत आहे. पाणी पिताना ते भांड्यात बुडतात आणि मग माजघरभर ठिपक्यांची रांगोळी निघते. जून ते सप्टेंबर पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या वर. लोंबता कान आतून सुकतच नाही. बोटाला फडकं गुंडाळून रोज पुसावा आणि हुंगावा. होय, हुंगावा. आंबूस वास आला, की डॉक्टर. भाताची कापणी झाली की कुसळं येतात. ती कानात आणि बोटांच्या बेचक्यात शिरतात, आणि शिरलेलं कुसळ मागे फिरत नाही, आतच सरकतं. फणसाचा मोसम तर वेगळाच. चारखंडाशी लोळून आलेला कान एकदा चिकाने गळपट्ट्याला चिकटला होता. आईने विळी बाजूला ठेवली, हाताला खोबरेल लावलं आणि केस न् केस सोडवत तासभर बसली. "ह्याच्यापरीस फणस बरा," म्हणाली. "सोलला की संपतो." दुसऱ्या दिवशी दुसरा कान.

खाण्याबद्दल मुंबईहून लेखी तक्ता येतो. तो फ्रिजला लावावा. आमचा सुकटीच्या डब्याखाली आहे. पण तीन गोष्टी थट्टेत घेऊ नयेत. कांदा देऊ नये. मनुके देऊ नयेत, मोदकातलेसुद्धा, मूत्रपिंडं जातात. आणि आंब्याची कोय गिळू देऊ नये. आतड्यात अडकली तर पोट उघडावं लागतं. दिवेलागणीनंतर कुत्रा घरात घ्यावा, ओटीवरही ठेवू नये. वाघरू आलं तर ते पत्रिका पाठवून येत नाही. जांभ्याच्या गडग्यात नाक खुपसू देऊ नये. तिथे फुरसं असतं, आणि टेरिअरला माघार शिकवलेली नसते.

घरातलं त्याचं स्थान कधी ठरतं, ते तुमच्या हाती नाही. आमच्याकडे ते पितृपक्षात ठरलं. आजोबांचं पान मागच्या पायरीवर ठेवलं. कावळा आंब्यावर बसून मान तिरकी करत राहिला. अर्धा तास गेला. आम्ही दर्भ, नवस, राहिलेल्या इच्छा सगळं आठवून झालं, तोवर बरुण्या गेला आणि वडे, खीर, आमसुलाची चटणी असं क्रमाने पान साफ करून आला. काका ओरडणार एवढ्यात आई म्हणाली, "पानात कुत्र्याचाही वाटा असतो." वाटा असतो हे खरं, अख्खं पान असतं असं शास्त्रात नाही. पण त्या दिवसापासून त्याला आठ दिवसांचा पाहुणा कुणी म्हटलं नाही.

येत्या मे महिन्यात गावी येणाऱ्या समस्त चाकरमान्यांना एकच विनंती. कुत्रा ठेवून जायचा असेल तर रेबीजच्या लसीचं कार्ड न विसरता द्या. लस दरवर्षी टोचायची असते आणि मागची कधी टोचली ते आम्हाला कुत्रा सांगत नाही. बिछाना आणू नका. कोंबडीला एक पुरतो.