पहारेकऱ्याची बढती

रायगडाच्या पायथ्याशी हिरकणीवाडीत जन्मलेला माणूस पुढे पुण्यास जाऊन इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या कारखान्यात नियमपालनाचा कारकून झाला, तरी हिरकणीची आख्यायिका त्याचा पिच्छा सोडीत नाही. दूध घालून परतणाऱ्या त्या गवळणीस सूर्यास्तानंतर दरवाजा उघडून देण्यास पहारेकऱ्याने साफ नकार दिला, तान्ह्या लेकरापायी ती काळोखात कडा उतरून गेली, आणि महाराजांनी तिचा गौरव करून तेथे बुरूज बांधविला, ही हकीकत आमच्या वाडीत पोरासोरांसही मुखोद्गत आहे. परंतु विनवण्यांना न द्रवता हुकुमाची अक्षरशः तामिली करणाऱ्या त्या पहारेकऱ्याचे नाव विचारा, की सारी वाडी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागते. वास्तविक त्या गृहस्थाने दयेपोटी दिंडी किलकिली केली असती, तर गडाची ती कच्ची बाजू शत्रूखेरीज कुणाच्याच ध्यानी आली नसती. तो बुरूज मला तरी आमच्या खात्याचेच स्मारक वाटतो. हे मत मी वाडीत उघडपणे मांडीत नाही, कारण सणावारी मला तेथेच जेवावयाचे असते.

डाखात शिसे ०.१ टक्क्याहून आणि तारेच्या आवरणात कॅडमियम ०.०१ टक्क्याहून अधिक नसावे, हा युरोपचा दंडक २००६ पासून अमलात आहे, आणि आपल्या ई-कचरा नियमांतही तीच मर्यादा आहे. त्याचे दाखले दफ्तरी लावता लावता वर्ष सरते, आणि वर्षअखेर मालक चष्म्यावरून पाहत पुसतात, "नाना, तुमच्या खात्याने कमावले काय?" विक्रीखात्यापाशी आकडे असतात, मजपाशी केवळ न घडलेल्या घटना! न अडलेला माल आणि न झालेला दंड कोणत्या रकान्यात जमा धरावा, हे जमाखर्चाचे शास्त्र सांगत नाही.

अखेर मी सोनीचा दाखला पुढे केला. २००१ साली, ऐन नाताळच्या तोंडावर, हॉलंडच्या सरकारने त्या मातब्बर कंपनीची सुमारे १३ लाख प्लेस्टेशन यंत्रे अडवून धरली. खेळ उत्तम होता, यंत्र उत्तम होते, पण बाहेरून घेतलेल्या तारांत कॅडमियम मर्यादेबाहेर निघाले, आणि त्यानंतर सोनीने आपले पुरवठादार एकेक करून तपासावयास घेतले.

मालक गंभीर झाले. "आपल्याकडे असे कधी झाले?"

"मुळीच नाही," मी अभिमानाने म्हणालो.

"मग तुमची गरज ती काय?"

मालकांचे समाधान माझ्या हयातीत होईलसे दिसत नाही. वाचकांस मात्र एवढीच विनंती, की चार्जर घेताना त्यावर भारतीय मानक ब्युरोचा 'आर' अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक तेवढा पाहून घ्यावा. सरकारी हुकुमान्वये तो बंधनकारक आहे, आणि आमच्या खात्याचे बाजारात प्रसिद्ध होणारे वाङ्मय तेवढेच आहे.