एक किलोची गुलाबी भीती

सोसायटीसमोर नवी जिम निघाली. नाव नोंदवायला गेलो, तर अर्जावर पत्त्याच्या खालीच प्रश्न : 'टोन्ड की मस्क्युलर?' हॉटेलात 'साधा की मसाला?' विचारावं तसा. मी पेन चावत बसलो. काउंटरवरच्या पोरानं माझ्या पोटाकडे एकवार पाहिलं आणि म्हणाला, "काका, सावकाश. तुम्हाला वेळ आहे."

शेजारच्या वहिनींनी मात्र ठसठशीत खूण केली. टोन्ड. "मला बाई ते दंड-बिंड नकोत. पुरुषासारखी दिसायला लागले तर?" त्यांना एक किलोची गुलाबी डंबेल्स मिळाली आणि टोनिंगचं पॅकेज. ते साध्या पॅकेजपेक्षा महाग. कमी वजन उचलायचे जास्त पैसे!

रोज पेपर वाचून चुकून कलेक्टर होऊ, या धास्तीनं पेपर बंद केलेला माणूस मी पाहिलेला नाही. पण पाच किलो उचललं तर सकाळी दंडावर बेटकुळ्या घेऊन उठू, अशी भीती घरोघरी आहे. पलीकडे ज्यांना त्या बेटकुळ्या खरोखरच हव्यात, ती पोरं वर्षानुवर्षं अंड्यांचा बलक फेकतायत, डब्यातलं चिकन मोजून खातायत आणि आरशापुढे बाही वर सारून खट्टू होतायत. त्यात बाईच्या अंगात टेस्टोस्टेरॉन पुरुषाच्या जेमतेम दहाव्या-विसाव्या हिश्शाएवढं. वहिनींनी ठरवूनही पैलवान होणं अवघड, चुकून तर सोडाच.

स्नायूला मुळात दोनच गोष्टी जमतात : वाढणं आणि रोडावणं. तो थोडा वाढला आणि वरची चरबी उतरली, की अंगाला आकार दिसतो. त्याला म्हणायचं टोन्ड. तेच पुढे काही वर्षं रेटलं की मस्क्युलर. बस एकच, कोण कुठल्या स्टॉपवर उतरतो एवढाच फरक. शरीरशास्त्रात 'टोन' आहे, नाही असं नाही. स्वस्थ पडलेल्या स्नायूतही जो थोडा ताण असतो, तो टोन. म्हणजे सोफ्यावर लोळणारा मीही टोन्डच, तेही फी न भरता.

तालमीतल्या वस्तादानं असला प्रश्न कुणाला विचारला नसता. मार जोर, काढ बैठका. पण त्याच्याकडे पॅकेजही नव्हतं. स्पर्धावाल्यांनी मात्र गट पाडलेच. आंतरराष्ट्रीय शरीरसौष्ठव महासंघानं २०१२ मध्ये 'मेन्स फिजिक'ला मान्यता दिली : अवाढव्य नको, नेटकं अंग हवं. त्यातले गडी लंगोटीवजा चड्डीऐवजी गुडघ्यापर्यंतची घालून मंचावर येतात. मांड्या झाकलेल्या! उद्या पोट झाकायची सवलत निघाली, तर माझंही नाव घ्या.

काल जिममधून परतलो, तर लिफ्टच्या दाराशी वहिनींचा गॅस सिलिंडर. आत १४.२ किलो गॅस, वर टाकीचं लोखंड. सगळं मिळून तीस किलोच्या घरात. मी बाह्या सरसावल्या.

"राहू द्या हो भाऊजी, कंबर धरेल तुमची." वहिनींनी पदर खोचला, सिलिंडर कलता केला आणि काठावर गरगर फिरवत थेट ओट्यापर्यंत नेला. उंबरठ्यावर तर उचललाच.

जाता जाता हातातली पिशवी तेवढी माझ्याकडे दिली होती. "जरा धरा, जड आहे."

आत गुलाबी डंबेल्स होती.